ताशी तीन हजार लिटर, पण कुठपर्यंत?

पंपाच्या डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो तो ताशी किती लिटर पाणी फेकणार याचा. ३०००, ४०००, ६०००. तो आकडा खोटा नसतो. पण तो पंप पाण्यात ठेवला, तोंडाला पाइप नाही, पाणी वर चढवायचं नाही, अशा अवस्थेतला असतो. घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पंपाला असलं सुख एक मिनिटही मिळत नाही. कपाटातल्या संपमधून, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीतून, पाणी उचलायचं, एल्बोंमधून वळवायचं आणि वरच्या टाकीत सोडायचं, तेही दिवसाचे चोवीस तास, वर्षानुवर्षं. म्हणून टाकी, स्टँड, ओव्हरफ्लो (वरचं पाणी संपमध्ये उतरवणारा खोका), पाइप हे सगळं ठरल्यावर, अगदी शेवटी पंप घ्यायचा असं मी ठरवलं होतं. दुकानात मात्र सगळीकडे सुरुवात पंपापासूनच व्हायची.

माझी टाकी चार फुटी: १२० सेंमी लांब, ४५ रुंद, ५० उंच. पाणी ४६ सेंमीपर्यंत. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली तर वर सव्वादोनशे लिटरच्या आत पाणी मावतं. खाली स्टँडमध्ये ७५ बाय ४० चा संप, त्यात चालू अवस्थेत २२ सेंमी पाणी, म्हणजे ६६ लिटर. टाकी पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये आहे आणि त्याच हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई झोपतात. या शेवटच्या गोष्टीचा पंपाशी काय संबंध ते पुढे येईलच.

आता मुळात रिटर्न पंपाचं, म्हणजे संपमधलं पाणी वर परत पाठवणाऱ्या या पंपाचं, काम काय? बऱ्याच जणांची समजूत अशी की प्रवाळाला समुद्रासारखा प्रवाह लागतो, म्हणून पंप जबरदस्त हवा. एके काळी टाकीच्या दहापट पाणी दर तासाला संपमधून फिरवा असं सांगितलं जायचं, आणि तेव्हा त्यात तथ्यही होतं, कारण टाकीत प्रवाह निर्माण करायला दुसरं फारसं साधन नव्हतं. आज ते काम वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणारे छोटे पंप, करतात, तेही मोजक्या वॅटमध्ये. रिटर्न पंपाने फक्त वरचं पाणी खाली स्किमरपर्यंत (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर-चिलरपर्यंत पोचेल आणि स्वच्छ होऊन परत येईल एवढं बघायचं. त्याला टाकीच्या तीन ते पाचपट पुरतं. त्याहून जास्त पाणी फिरवलं तर ते स्किमरच्या शेजारून नुसतं धावत निघून जातं, कारण स्किमरचा स्वतःचा पंप ओढायचं तेवढंच पाणी ओढतो. त्यातच संपच्या कप्प्यांमध्ये बुडबुडे विरायला वेळ मिळत नाही आणि ते बारीक बुडबुडे थेट टाकीत येतात. काचेसमोर सोड्याची बाटली ठेवल्यासारखं दिसतं.

शिवाय माझ्या टाकीत राहणार होते झोअँथस, मशरूम आणि एखादा लेदर, हे सगळे मऊ अंगाचे प्रवाळ. कठीण सांगाड्याचे रीफ बांधणारे सगळे प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बघायचे तर मालवणला जाऊन पाण्यात तोंड घालून बघावेत. दुकानदार ‘मिळवून देतो’ म्हणाला तरी घरी आणू नयेत. मऊ प्रवाळांना अंगावर धो धो पाणी नकोच असतं. त्यामुळे माझं गणित साधं होतं: टाकीसाठी ताशी अकराशे लिटर आणि त्याच पंपाच्या फांदीवर चिलर, त्याला चारशे. एकूण दीड हजार. मात्र हे दीड हजार वर पोचल्यानंतरचे.

‘वर’ म्हणजे किती हे टेपने मोजलं. इथे एक बारकावा आहे. उंची पंपापासून मोजायची नसते. पंप बुडालेला असतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावरचं पाणी त्याला मदतच करतं. मोजायचं ते संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. माझ्याकडे ते भरलं ९७ सेंमी. म्हणजे पंपाला जवळपास एक मीटर चढ. हा चढ पाइप कितीही चांगला टाकला तरी कमी होत नाही. कमी करता येतं ते घर्षण.

तिथे आमच्या प्लंबरकाकांशी माझी जुंपली. काका बिल्डिंगमधली सगळी कामं करतात, हात चांगला आहे, पण त्यांच्या लेखी अ‍ॅक्वेरियम म्हणजे खेळणं.

“ताई, पाऊणचा टाकू की. बाथरूमला पाऊण चालतो, माशांना नाही चालत?”

“काका, बाथरूमला वरच्या टाकीचं प्रेशर आहे. इथे एवढासा पंप ढकलणारे.”

“मग पंप मोठा घ्या.”

हेच वाक्य मला नंतर दुकानांतही ऐकायला मिळालं. पण पाइप मोठा करणं हे पंप मोठा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. एकाच प्रवाहाला पाइपमधलं घर्षण साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतं. पाऊण इंचाऐवजी एक इंच टाकला तर घर्षण पाव हिश्शाहूनही कमी. कागदावर मांडलं तेव्हा ताशी दीड हजार लिटरला माझ्या लांबीच्या आणि माझ्या एल्बोंच्या पाऊण इंची पाइपात चाळीसेक सेंमी उंची घर्षणातच जात होती, एक इंचीत दहा-बारा. म्हणजे पाऊण इंची पाइप टाकून मी स्टँड विनाकारण फूटभर उंच केल्यासारखंच झालं असतं. नव्वद अंशांच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन टाकायला काका शेवटी तयार झाले, तेही “उगाच सॉल्व्हंट वाया” असं पुटपुटत.

नंतर चिंचवडच्या एका मित्राकडून त्याचा पडून असलेला एसी पंप, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा, उसना आणला: डब्यावर ताशी २७०० लिटर, कमाल उंची ३ मीटर, ४५ वॅट. मीठ घालायच्या आधी, साध्या पाण्यावरच चाचणी घेतली. संप काठोकाठ भरला, मोकळ्या टाकीत पाटांची चवड रचून त्यावर वीस लिटरची बादली ठेवली आणि नोझल नेमकं त्याच उंचीला बांधलं जिथे पुढे पाणी असणार होतं. मग मोबाइलचं स्टॉपवॉच. आधी पाऊण इंची नळी लावून बादली ४८ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १५०० लिटर. एक इंची लावल्यावर ४१ सेकंद, म्हणजे साडेसतराशेच्या आसपास. पंप तोच, वीज तेवढीच, फरक फक्त नळीचा. आणि डब्यावरच्या २७०० मधले जवळजवळ हजार लिटर हवेत विरलेले. काका बादलीकडे बघत राहिले. “एक इंचच बरा,” म्हणाले.

ही बादलीची चाचणी कोणीही करावी. पंपासोबत येणारा उंची-प्रवाहाचा आलेख बरोबर असतो, पण तो पंपाचा असतो. तुमच्या नळीचा, तुमच्या नोझलचा हिशेब त्यात कुठून येणार? आणि काही डब्यांवर तर आलेखच नसतो. एका दुकानात मी आलेख विचारला तर त्या मुलाने डबा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, “मॅडम, सगळे हेच नेतात.”

कुर्ल्यातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत एक पूर्ण दुपार घालवली. तिथे सगळ्या जातीचे पंप एका फळीवर दिसतात: जर्मन आयहाइम, इटालियन सिचे, चिनी जेबाओ आणि नावही वाचता येणार नाही असे बाकीचे. कूलरसाठी आणि कारंज्यासाठी विकले जाणारे पंपही त्यांच्याच शेजारी असतात, निम्म्याहून कमी किमतीत. ते खाऱ्या पाण्यात वापरायचे नाहीत. त्यांचा दांडा आणि स्क्रू बऱ्याचदा धातूचे असतात, मीठ ते काही महिन्यांत खातं आणि त्यातून पाण्यात तांबं उतरलं तर झोअँथस, शिंपले, कोळंबी यांचा निकाल लागतो. रीफच्या पंपाचा दांडा सिरॅमिकचा हवा, आणि तो उघडून डोळ्यांनी बघावा. चार स्क्रू काढून रोटर बाहेर काढू देणारा दुकानदार मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट तिथेच डब्यावर बारीक अक्षरांत दिसली. परदेशातून आलेल्या एका पंपावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, “ट्रान्सफॉर्मर लावा, काम होऊन जाईल.” व्होल्टेजचं काम होईलही, हर्ट्झचं होत नाही. हे एसी पंप विजेच्या लहरीच्या तालावर फिरतात. दोन ध्रुवांची मोटर ६० हर्ट्झला मिनिटाला ३६०० फेरे मारते, आपल्या ५० हर्ट्झला ३०००. वेग पाच षष्ठांश झाला की प्रवाह तेवढाच उतरतो, पण पाणी चढवायची कमाल उंची वेगाच्या वर्गाने उतरते. तीन मीटरचा पंप आपल्याकडे दोन मीटरच्या थोडा वर राहतो. अमेरिकेतून येणाऱ्या भावाकडून पंप मागवणाऱ्यांनी एवढं बघून घ्यावं. मी वाचलेल्या बऱ्याच तुलनांमधले आकडेही ६० हर्ट्झचेच होते. ते जसेच्या तसे धरले असते तर हिशेब चुकला असता.

वेगाचा हाच नियम मला डीसी पंपांच्या बाबतीत फार उपयोगी पडला. डीसी पंप म्हणजे २४ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारा, सोबत वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर असलेला. विकताना सांगतात की पाहिजे तेवढा वेग ठेवा, दहा टप्पे आहेत. आता समजा पंपाची कमाल उंची तीन मीटर आहे. अर्ध्या वेगाला ती उरते पाऊण मीटर. माझा चढ ९७ सेंमीचा. म्हणजे अर्ध्या वेगाला पंप आत फिरत राहील, कंट्रोलरवर दिवेही लागतील, पण वर थेंब येणार नाही. उलट वरचं पाणी त्याच नळीतून खाली येऊ लागेल. साठ टक्क्यांना कमाल उंची एक मीटर आठ सेंमी, तिथेही नोझलमधून नुसती धार गळते. खरा उपयोगी पट्टा उरतो तो पासष्ट-सत्तर टक्क्यांपासून वर. दहा टप्प्यांपैकी तीन-चार टप्पे तुमचे, बाकीचे शोभेचे.

तरीही शेवटी मी डीसीच घेतला.

पहिलं कारण उष्णता. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणूनच उतरते, कारण पाणी ढकलायला खर्च झालेली ताकदही घर्षणाने उष्णताच होते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हॉल ३२ अंशांवर असतो आणि टाकी मला २६ वर ठेवायची असते. अशा वेळी ४५ किंवा ६५ वॅटचा पंप म्हणजे चोवीस तास चालू असलेला छोटा हीटर, आणि ती उष्णता काढायला चिलर आणखी वीज खाणार. डीसी पंपाचा अ‍ॅडाप्टर जो काही तापतो तो कपाटाबाहेर तापतो. मी पसंत केलेला पंप सत्तर-पंचाहत्तर टक्के वेगावर मला हवे तेवढे लिटर देत होता आणि प्लगमधल्या वॅटमीटरवर २० च्या आसपास आकडा दाखवत होता. उसना एसी पंप त्याच मीटरवर पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. महिन्याला सुमारे १४ युनिट विरुद्ध ३२. वर्षाला दोनशे युनिटांहून जास्त फरक, चिलरची बचत वेगळीच. पंपांच्या किमतीतला फरक दोन-अडीच वर्षांत वसूल होतो असा माझा अंदाज आहे, तोवर कंट्रोलर टिकला तर.

दुसरं कारण गुरुवार. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, आणि कधीकधी सकाळी गेलेली संध्याकाळी उगवते. घरात इन्व्हर्टर आहे, पण जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची लहर गोलाईदार न देता चौकोनी देणारा. उसना एसी पंप त्यावर लावून बघितला तर तो गुरगुरायला लागला आणि अर्ध्या तासात अंगाने गरम झाला. अशा पंपांना साइन वेव्ह लागते. अ‍ॅडाप्टरला ती कशी आहे याचं फारसं पडलेलं नसतं, तो तिचे २४ व्होल्ट करतो आणि पुढे देतो. वीज गेल्यावर सगळ्यात आधी जगवायचा तो वेव्हमेकर, कारण पृष्ठभाग हलत राहिला तर प्राणवायू मिळत राहतो. रिटर्न पंप थोडा वेळ बंद राहिला तर आकाश कोसळत नाही. पण वीस वॅटमध्ये तोही चालणार असेल तर संपमधलं पाणीही फिरत राहतं, मग का नको?

याच कारणासाठी दुकानात एक गोष्ट करून बघितली. शेठना बादलीत पाणी घ्यायला लावलं, पंप सोडला, वेग सातवर ठेवला आणि भिंतीतला प्लग खेचून काढला. पाच सेकंदांनी परत लावला. एका पंपाचा कंट्रोलर दिवा मिचकावत तसाच राहिला, बटण दाबल्याशिवाय सुरू होईना. दुसरा हळूहळू वेग घेत परत सातवर आला. घरी कुणी नसताना वीज जाऊन आली तर पहिला पंप दिवसभर बंद राहिला असता. शेठ म्हणाले, “असं कोणी बघत नाही, मॅडम.” वर पुन्हा एकदा, “मोठाच घ्या, चालवा कमी वेगावर, पुढे टाकी मोठी केलीत तर परत यायला नको.” थोडा मोठा घ्यावा हे मला पटतं, कारण पंप आतून मळला की प्रवाह पाचव्या-सहाव्या हिश्शाने घटतो आणि तेवढी पुंजी हाताशी हवी. दुप्पट मोठा घेऊ नये. तो अर्ध्या वेगावर ठेवता येत नाही हे वर आलंच आहे.

वीज जाण्याचा विचार पंपापाशी थांबत नाही. पंप बंद पडला की रिटर्नची नळी सायफन होते आणि टाकीतलं पाणी नोझल उघडं पडेपर्यंत खाली संपमध्ये येत राहतं. माझ्या टाकीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. नोझल पृष्ठभागाखाली दोन सेंमी ठेवलं तर अकरा लिटर, त्यात ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं आणि नळ्यांमधलं सात लिटर धरून अठरा. संप ७५ बाय ४० चा, म्हणजे पाणी तिथे सहा सेंमी चढणार. २२ अधिक ६ म्हणजे २८, आणि संप ४० उंच. झोप लागते. हेच नोझल, दिसायला छान म्हणून, दहा सेंमी खाली ठेवलं असतं तर एकसष्ट लिटर खाली आलं असतं आणि संप हॉलमध्ये वाहिला असता. प्लंबरकाका म्हणाले, एनआरव्ही टाकू, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. रिटर्नच्या नळीत एनआरव्हीवर माझा विश्वास नाही. त्याच्या झडपेवर चुन्याचा थर, एखादी बारकी गोगलगाय, वाळूचा कण बसला की ती पूर्ण मिटत नाही, आणि घर्षणाचा भुर्दंड मात्र रोज भरायचा. नोझल वर ठेवणं फुकट आहे आणि ते कधी बिघडत नाही.

उलटा धोकाही मोजला. ओव्हरफ्लोची नळी चोंदली आणि पंप चालूच राहिला तर? पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. तो कप्पा २० बाय ४० चा, पंपाच्या तोंडापर्यंत सतरा सेंमी पाणी उपसलं जाईल, म्हणजे साडेतेरा लिटर, टाकीत अडीच सेंमी चढ. वर काठाशी चार सेंमी मोकळे आहेत. पंप कितीही ताकदीचा असला तरी कप्प्यात आहे त्यापेक्षा जास्त पाणी तो वर नेऊ शकत नाही. त्यामुळे कप्पा लहान ठेवला ते बरं झालं. त्याची किंमत म्हणजे उन्हाळ्यात बाष्पीभवनाने तो भरभर उतरतो आणि रोज गोडं पाणी टाकावं लागतं, नाहीतर पंप भोवरा करून हवा ओढतो.

आता सासूबाईंची झोप. टाकीचा आवाज म्हणजे पंपाचा आवाज असं वाटतं, पण बराचसा आवाज उतरत्या पाण्याचा असतो. नळीत पाणी आणि हवा एकत्र घुसली की गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणून ओव्हरफ्लोत दोन नळ्या ठेवल्या: एक पूर्ण पाण्याने भरून, सायफन होऊन मुकाट उतरणारी, खाली व्हॉल्व्हने आवळलेली. दुसरी थोडी उंच, आणीबाणीसाठी मोकळी. या पद्धतीत आवळणं फार नाजूक असतं, पंप जेवढं वर आणतो नेमकं तेवढंच खाली गेलं पाहिजे. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत उघडतो-मिटतो, त्याने हे जमत नाही. फेऱ्याफेऱ्यांनी हळूहळू मिटणारा गेट व्हॉल्व्ह लागतो. हार्डवेअरवाल्याकडे गेट व्हॉल्व्ह मागितला तर त्याने ताबडतोब पितळी काढून दिला, चांगला जड, “आयुष्यभर बघायला नको.” पितळ म्हणजे तांबंच की. प्लास्टिकचा मिळवायला बरीच पायपीट झाली.

पंप निवडताना या जुळणीचा विचार करावा लागतो, कारण पंपाचा प्रवाह हलला की जुळणी बिघडते. एसी पंप व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी हर्ट्झला बांधलेला असल्याने वेग बराच सांभाळतो, ही त्याची जमेची बाजू. डीसी पंप वीज आल्यावर त्याच टप्प्यावर परतला, तरच सायफन आपोआप पूर्वीच्या जागी येतो. माझा येतो. वीज आल्यावर मिनिटभर घुरघुर होते, मग शांत. महिने जातील तसा पंप मळतो, प्रवाह उतरतो, ओव्हरफ्लोतली पातळी खाली जाते आणि गुळण्या सुरू होतात. तेव्हा व्हॉल्व्हला हात न लावता पंप साफ करायचा, हे मला आवाजावरूनच कळतं.

पंपाचा स्वतःचा हुंकार येतो तो काचेतून. पंप संपच्या तळाला टेकला की स्टँडचा प्लायवूड घुमायला लागतो. पंपाखाली सिलिकॉनची जाड चकती ठेवली आणि पंप ते पीव्हीसी पाइप यांच्यामध्ये वीतभर लवचिक सिलिकॉन नळी घातली. तिला स्टीलची क्लिप लावली तर ती मिठाने गंजते, म्हणून नायलॉनचे टाय, दोन-दोन. पहिल्या रात्री सासूबाईंना विचारलं, “आई, आवाज येतोय का हो?”

“कसला आवाज?” त्या म्हणाल्या. “यापेक्षा तुमचा फ्रिज जास्त बोलतो.”

मला हवी होती ती पावती हीच. डेसिबल मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

जोडणी करताना दोन गोष्टी काकांकडून हट्टाने करून घेतल्या. पंपाच्या वर युनियन, हाताने फिरवून सुटणारा जोड, म्हणजे साफसफाईला पाइप कापावा लागत नाही. आणि टाकीच्या सगळ्या प्लगांना ३० मिलीअँपियरचा वेगळा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात नांदणार असतील तर यात काटकसर नको. वायर बोर्डाकडे नेताना खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, प्लगपर्यंत जात नाही. कंट्रोलर कपाटात ठेवायची मूळ योजना रद्द केली. कपाटात दमट खारी हवा कोंडते आणि डीसी पंपांचे बरेच मृत्यू मोटरमुळे होत नाहीत, कंट्रोलर आणि जोडाच्या पिनांवर चढणाऱ्या मिठामुळे होतात. तो आता स्टँडच्या बाहेरच्या बाजूला आहे. पाहुण्यांची मुलं बटणं दाबतात, म्हणून उंचावर.

साफसफाई फार कटकटीची नाही. दर तीन-चार महिन्यांनी पंप काढायचा, रोटर वेगळा करायचा आणि कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात तासभर बुडवून ठेवायचं. रोटरवर चढलेला पांढरा चुना फेसाळत सुटतो. मग जुन्या टूथब्रशने रोटरची पोकळी घासायची, गोड्या पाण्यात पंप दहा मिनिटं चालवायचा आणि परत जागेवर. हे टाळलं तर एखाद्या गुरुवारी वीज जाते, पंप थांबतो आणि चुन्याने धरलेला रोटर वीज आल्यावर हलतच नाही. चालू असताना कुरकुर न करणारा पंप बंद पडून सुरू होतानाच दगा देतो.

पंपासोबत जादा रोटर आणि दांडा तेव्हाच घेतला. सहा महिन्यांनी तेच मॉडेल बाजारात असेल याची खात्री नसते, आणि सिरॅमिकचा दांडा हातातून पडला तर खडूसारखा तुटतो. मित्राचा एसी पंप परत द्यायला गेले तर तो म्हणाला, ठेव, माझ्याकडे पडूनच आहे. मी पैसे दिले आणि ठेवून घेतला. एरवी तो बाल्कनीतल्या ड्रममध्ये मीठ मिसळायला लागतो. डीसीचा कंट्रोलर गेलाच, तर तो उचलून संपमध्ये टाकायचा, तीच सिलिकॉन नळी त्याच्या तोंडावर बसते. दोन्ही तोंडांचे व्यास सारखे आहेत हे मी घेण्याआधीच मोजलं होतं.